मेंगाईची ओटी

"आपलं म्हनून सांगते," असं म्हटल्याशिवाय मावशींचं बोलणं सुरू होत नसे. मग गोष्ट त्यांच्या म्हशीची असो, नाहीतर सगळ्या वेल्ह्याला आधीच ठाऊक असलेल्या भांडणाची. माझ्या दुकानाची पायरी पदराने झटकून त्या बसायच्या, आणि मीठ बांधून होईपर्यंत गावभरची खबर मला पोचलेली असायची. अशी शेजारीण तुम्हीही पाहिली असेल.

त्यांच्या नवसाची गोष्ट आमच्याकडे अजून माझ्या भलेपणाची म्हणून सांगतात. ती तशी नाही.

लढाईची वर्षं होती. एकुलता मुलगा पलटणीत गेला, तेव्हा मावशींनी तोरण्यावरच्या मेंगाईला नवस बोलला. पोरगा जिवंत परतला की गडावर ओटी पोचवीन, ती पोचेपर्यंत भात खाणार नाही. खाचरात भात त्याच लावायच्या, आल्यागेल्याला वाढायच्या, आणि स्वतः नाचणीची भाकरी मोडायच्या.

मुलगा परतला, पण काठी टेकत. तोवर मावशीही बांधावरून पडून कंबरेतून गेल्या होत्या. गड चढणार कोण?

"मी जातो," मी म्हणालो. तिशीतच गादीवर बसून बसून माझं पिंप झालं होतं.

"शेट, वर वढायला दोर धाडू का?" पारावरून एकजण ओरडला.

"गप ए!" मावशी कडाडल्या. "तुज्यापरास बरा हाय त्यो. जातो तरी म्हनला!"

पहिल्याच चढावर धोतर घामाने पायांना चिकटलं. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका वाट सोडून उभ्या राहिल्या. "सावकाश, शेट. गडगडलात तर आमाला बी घिऊन जाल," एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. पुढच्या अरुंद सोंडेवर दोन्हीकडची दरी पाहून मी खालीच बसलो. शेवटी तर मी रांगत होतो. गडाचा दरवाजा समोर दिसत होता. घसा इतका सुकला की ओटीतला नारळ मी दगडावर फोडला आणि पाणी पिऊन टाकलं. मग देवीसमोर जायला तोंडच उरलं नाही. खण आणि तांदूळ एका कपारीत ठेवले, वर दगड रचले. नारळाच्या वाट्या तेवढ्या घेऊन उतरलो.

मावशी दारातच बसल्या होत्या. "पोचली का वो ओटी?"

पारावरची माणसं बघत होती. "पोचली," मी म्हणालो, आणि वाट्या प्रसाद म्हणून त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी त्या कपाळाला लावल्या. तुकडे करून घरोघर वाटले. दोरवाल्याला सगळ्यांत आधी. संध्याकाळी मला पाटावर बसवून भात वाढला, मग स्वतःच्या ताटात घेतला. पहिला घास कितीतरी वेळ तोंडातच ठेवला.

"आपलं म्हनून सांगते, शेट, चवच इसरले हुते."

मी दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या कुणाला गुपचूप वर पाठवता आलं असतं. पण त्याने विचारलं असतं, कशाला?

बरीच वर्षं गेली. शेवटच्या दुखण्यात मावशींनी मला बोलावलं. जीभ जड झाली होती. "देवीचं काय ऱ्हायलं न्हाई ना माजं?"

मुलगा शेजारीच होता. खरं सांगितलं असतं, तर त्याने त्याच दिवशी कुणाकडून तरी ओटी पोचती केली असती.

"नाही, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मुलगा उठला, काठी भिंतीला टेकवून कष्टाने वाकला, आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.