आत्याची हौस

आत्याशी पाच मिनिटं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं झाली, ती आमच्या नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळते आहे. राजाचा अंगरखा उसवो की हवालदाराची पँट फाटो, सगळे धावतात ते रंगमंचामागच्या तिच्या खोलीत. मान मोडून शिवते, डोळ्यांची वाट लावून घेतली. आणि कुणी विचारलं तर? "छे हो, काम कसलं? हौस आपली!"

यंदा ते नाट्यगृह पाडून तिथे गाड्या उभ्या करायचं घाटत होतं. लोकांनी ओरड केली तेव्हा नगरपालिकेने अर्ज वाटले. नाट्यगृहावर ज्यांचं पोट चालतं त्यांनी तसं लिहून द्यायचं. पन्नास अर्ज आले तर इमारत राहील. पन्नास आमच्या गल्लीतच मिळाले असते! पण शेवटच्या दिवशी सकाळी मोजले तर अकरा. नेपथ्य उभं करणाऱ्याने लिहिलं होतं 'सुतार', बस्स; नाटकाचं नाव नाही, म्हणून अर्ज बाद. चहावाला म्हणे, "माझा नाटकाशी काय संबंध?" प्रयोग नसेल त्या दिवशी हा दुकानच उघडत नाही! आणि आमच्या आत्याबाईंनी लिहिलं होतं, 'गृहिणी'. मी कपाळावर हात मारला.

तिला ओढतच कचेरीत नेलं. कारकुनाने नवा अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, "तुमच्या कमाईवर आजवर अवलंबून कोण होतं?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली.

"कुणी नाही कसं? मी होते की! बाबांचा कारखाना बंद पडल्यावर घर कुणी चालवलं? माझी फी कुठून आली?"

"अगं, हळू बोल." तिने माझा हात दाबला.

"का म्हणून हळू? एकदा तरी काम म्हण ना त्याला!"

ती माझ्याकडे न बघताच बोलली. "तुझ्या बाबाला काय सांगणार होते मी? बहिणीच्या कमाईचा घास त्याच्या घशाखाली उतरला नसता. म्हटलं, हौसेचे पैसे आहेत, नुसते पडून असतात. मग जेवायचा."

"बाबांना जाऊन सहा वर्षं झाली गं."

"माहितीये मला."

तिने पेन घेतलं, 'कपडेपट' असं ठसठशीत लिहिलं, अवलंबून असणाऱ्यांत भावाचं आणि माझं नाव घातलं. मग उठली ती थेट चहावाल्याच्या दुकानात. त्याला, सुताराला, इस्त्रीवाल्याला, गल्लीतल्या एकेकाला असं काही फैलावर घेतलं की कचेरीची खिडकी बंद होईपर्यंत त्रेपन्न अर्ज झाले.

घरी आल्यावर मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर ती बाबांच्या फोटोसमोर उभी होती.

"रागावू नकोस रे," ती म्हणत होती, "लिहावं लागलं."