उलटा फवारा

कळंबच्या रस्त्याला डाळिंबवाल्यांचे फवारणी पंप दुरुस्त करणारे एक आबा आहेत. पंपात नुसतं पाणी असलं, तरी तो चालवून बघताना ते तोंडाला टॉवेल बांधतात. बोलतात कमी, आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "व्हय का न्हाय?" विचारतात.

सिगारेट सुटावी म्हणून मी मित्राकडून दोन ई-सिगारेटी आणल्या होत्या. एक पुन्हा भरायची, दुसरी संपली की फेकायची. नवख्यानं कोणती घ्यावी, हे यंत्र कळणाऱ्यालाच विचारू, म्हणून आबांपुढं ठेवल्या.

त्यांनी आधी टॉवेल बांधला, मग भरायची ती उघडली.

"ही बॅटरी. तिच्यावर ही तार तापती. मग कापसातल्या औषधाची वाफ हुती. आपल्या पंपाचंच भावंड हाय, व्हय का न्हाय?"

"व्हय, आबा." मी खूश झालो.

"मग हिचं तोंड कुणीकडं धरायचं, मास्तर?"

मी दुसरी उचलून ओठांना लावून दाखवली.

आबांच्या हातातला पाना खाली पडला.

"आत?"

एवढंच म्हणाले. पुढचं "व्हय का न्हाय" आलंच नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडावरचा टॉवेल सोडला आणि, मी नको म्हणायच्या आत, माझ्या तोंडावर घट्ट बांधला.