टाचेचा निकाल

वैजयंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या क्लिनिकमध्ये एकाच्या दुखऱ्या टाचेला ठोके देणारं मशीन लावत होते. तिच्या बहिणीने सांगितलं, सकाळी पेशंटच्या घरी निघताना छातीत कळ आली आणि ती दारातच कोसळली... मी फोन खिशात ठेवला आणि मशीनचे उरलेले ठोके पूर्ण केले. याला पाच आठवडे झाले. ते ठोके पूर्ण केल्याचं अजून मनातून जात नाही.

आम्ही दोघी फिजिओथेरपिस्ट, बारा वर्षं शेजारी-शेजारी काम केलेल्या. वैजू भांडुपची, मूळची मालवणकडची, तोंडाने फटकळ. तीन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी टाचदुखीवरच्या उपचारांची चाचणी हाती घेतली. महिनोन्महिने दुखणं हटत नाही, पण पायांना विश्रांती देणंही परवडत नाही, अशी माणसं घेतली... पहाटे धावणारे, शाळेतले पीटीचे सर, वर्सोव्याची मासळी विकणारी एक मावशी. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना नुसते पाय ताणायचे व्यायाम दिले, अर्ध्यांना व्यायाम आणि वर मशीनचे ठोके. शेवटी काय निघालं ते आम्हाला कळवणार ना, असं मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. वैजूने तिला शब्द दिला.

सुरुवातीला मशीनवाले पुढे होते. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. तोवर डॉक्टरांनी दुसरं मशीन मागवलेलं. ते म्हणाले, अहवालात सुरुवातीच्या आठवड्यांचंच लिहू, तेवढं पुरे. वैजू म्हणाली, "अर्धं सांगितलं तर ते खोटंच झालं, सर." मग तिने माझ्याकडे बघितलं. मी सही केली. बाहेर आल्यावर तिला म्हटलं, "जाऊ दे ना गं, कोण वाचतंय?"

"मावशी विचारेल," ती म्हणाली.

पुढचा आठवडाभर तिने एकेकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि तिला सोमवारपासून येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. मी सोमवारी नेहमीच्या वेळेला कामावर गेले. मग ती घरोघरी जाऊन पेशंट बघू लागली, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे जिने चढत. एकदाच भाजी घेताना भेटली. दिवसाला किती जणांना मशीन लावतेस, एवढंच विचारलं तिने. मी म्हटलं, सोड ना आता. ती भेट शेवटची ठरेल हे कुणाला माहीत होतं...

शोकसभेत डॉक्टर म्हणाले, इतकी प्रामाणिक मुलगी पुन्हा मिळायची नाही. मी पहिल्या रांगेत मान हलवली. मावशी वर्सोव्याहून आली होती. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "तिनं फोन केला होता. तुम्ही नाय केला."

वैजूच्या टेबलाच्या जागी आता ते दुसरं मशीन आहे. परवा एका बाईंनी तिथे बसून पाय पुढे केला आणि विचारलं, नुसत्या व्यायामाने नाही का व्हायचं बरं?

"होईल ना," मी म्हटलं, "पण मशीनही घ्या लावून." आणि पाय जवळ ओढला.