ब्राह्मणपाऱ्यातल्या सुया

छत्तीसगढ राज्य नवीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मला मंत्रालयात टायपिस्टची नोकरी लागली आणि त्याच हिवाळ्यात माझी पाळी थांबली. मी तेवीस वर्षांची होते.

मंत्रालय तेव्हा रायपुरातल्या एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसवलं होतं. आमची शाखा जिथे होती तिथे कधीकाळी बायकांचा वॉर्ड होता. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरशा होत्या आणि वरच्या नव्या चुन्याखालून खाटांचे जुने आकडे अजून दिसायचे. माझ्या टेबलामागे सतरा नंबर होता. सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. पुढे मात्र त्या सतरा नंबरच्या खाटेवर कोण झोपत असेल, तिला काय झालं असेल, हे टाइप करता करता मनात यायला लागलं.

पहिल्यांदा चुकली तेव्हा वाटलं, नवी नोकरी, दगदग. दुसऱ्या महिन्यात मी रोज सकाळी उठल्या उठल्या पोटावर हात ठेवून पाहायला लागले. तिसऱ्या महिन्यात मला मावशी आठवली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वर्ध्याला असायची. तिची पाळी अशीच बंद झाली होती. सात-आठ महिन्यांनी एकदम सुरू झाली ती थांबेचना, आणि वर्षाच्या आत ती गेली. घरात आजाराचं नाव कोणी घेतलं नाही, 'पोटाचं होतं' एवढंच. मी बारा वर्षांची होते. तिच्या पलंगाखाली सरकवलेली, झाकण घातलेली बादली मला अजून आठवते.

दुसरी भीती आईची होती. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या एका मुलीला घरच्यांनी अचानक गावी नेऊन ठेवलं होतं, आणि बायका त्यावर कितीतरी दिवस आवाज खाली करून बोलत होत्या. माझ्यासाठी तर नागपूरचं एक स्थळ आलं होतं. पाळी आली नाही असं सांगितलं तर आईच्या मनात सगळ्यात आधी काय येईल, हे मला न विचारता कळत होतं.

पण लपवायचं कसं? आमच्याकडे तेव्हा तीन दिवस बाजूला बसायची पद्धत होती. देवघर नाही, स्वयंपाकघर नाही, पुढच्या खोलीत वेगळी सतरंजी, वेगळं ताट. आईला तारखा पाठ असायच्या. म्हणून मी खोटंच बसायला लागले. तारीख आली की सकाळी आईला सांगायचे, "मी बाजूला आहे." तीन दिवस सतरंजीवर बसून जेवायचे. कोरे पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे. पुडी हलकी लागू नये म्हणून एकदा आत ओली माती घातली. चार महिने मी हे केलं. आई पडद्याआडून ताट सरकवायची आणि मी पोट दुखल्यासारखा चेहरा करायचे. दुखत काहीच नव्हतं, आणि तेच जास्त भयंकर वाटायचं.

शाखेत माझ्या शेजारी एक मोठ्या वयाच्या छत्तीसगढी बाई बसायच्या. रोज अभनपूरहून बसने जाऊन-येऊन करायच्या. मी त्यांना दीदी म्हणायचे. फाल्गुन लागून ऊन तापलं तरी माझ्या अंगात स्वेटर होता. एके दुपारी त्यांनी माझ्या टाइपरायटरवर पडलेले केस दोन बोटांनी उचलले.

"कितने महीने से नहीं आया?" त्यांनी विचारलं.

माझे डोळे भरून आले आणि त्यांना उत्तर मिळालं. त्या म्हणाल्या, जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात, एक सुईवाली दीदी आहे, चिनी पद्धतीनं इलाज करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांची पाळी बिघडली होती, तिच्याकडेच बरं वाटलं. "मराठी है, तुम्हारी ही जात-बिरादरी की," त्या म्हणाल्या. "डरो मत."

मी तर दोन्हीला घाबरले. सुईला, आणि ती मराठी आहे याला. मराठी म्हणजे कुठून तरी आईच्या ओळखीची निघणार.

निघाली नाही. ती भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या घराण्यातली सून होती, आमच्यासारखी विदर्भातून बदलीवर आलेली नव्हती. पन्नाशी ओलांडलेली, उंच, मोठ्या कपाळाची. नवऱ्याच्या नोकरीपायी ती बरीच वर्षं कलकत्त्याला होती. तिथे स्वतःच्या दुखण्यासाठी एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडे गेली आणि मग पाच वर्षं त्याच्याच हाताखाली शिकली. देवळाला लागून असलेल्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत तिनं पडदा लावून दोन खाटा टाकल्या होत्या. भिंतीवर माणसाचं एक चित्र होतं, डोक्यापासून पायापर्यंत रेघा आणि ठिपके काढलेलं. त्याला कातडी असून नसल्यासारखी होती. मी नजर वळवली.

"बस," ती म्हणाली. "काहून आली ते मले माहीत आहे. आता मी विचारते तेवढं सांग."

तिनं मला असे प्रश्न विचारले जे कोणी कधी विचारले नव्हते. बंद व्हायच्या आधी रक्ताचा रंग कसा होता, लाल का फिक्कट? गाठी पडायच्या? दुखायचं ते आधी का नंतर? शेकलं की बरं वाटायचं का? तहान लागते? पाय थंड राहतात? सकाळी उठवत नाही का? रडू येतं का गिळून टाकतेस?

"गिळते," मी म्हणाले.

मग तिनं जीभ पाहिली. बराच वेळ. "फिक्कट आहे, सुजली आहे. कडेले दातायचे ठसे दिसून राहिले." नंतर दोन्ही मनगटांवर आळीपाळीनं तीन-तीन बोटं ठेवली, आधी हलकी, मग दाबून. पडद्याआड घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

"वाईट आहे का?"

"खोल आहे, बारीक आहे, अन् लई हळू चालून राहिली नाडी. वाईट म्हटलं नाही मी."

तिनं समजावलं ते मला आजही तिच्याच शब्दांत आठवतं. चिनी वैद्य म्हणतात, रक्त एकटं चालत नाही, त्याला चालवणारा एक दम असतो. पाळी बंद होते ती दोन तऱ्हांनी. एक तर टाकीतच पाणी नाही, नाही तर पाणी आहे पण नळाला बोळा बसला. राग, चिंता गिळत राहिलं की यकृताची वाट तुंबते, असं ते मानतात. मग छाती भरून येते, गाठी पडतात, दुखतं. कोणाच्या अंगात उष्णता वाढते, तिची पाळी लवकर येते, लालभडक, जास्त. आणि कोणाची आतली ऊबच विझायला येते. अन्नातून रक्त घडवायचं काम ते प्लीहेकडे देतात, त्याचं मूळ मूत्रपिंडात धरतात. "आता हे आपल्या डॉक्टरायचे प्लीहा-मूत्रपिंड नाही बरं का. ती कामायची नावं आहे. तुझं रक्त कमी पडलं, अन् त्याले शिजवणारी आंचही मंद झाली. वरून तू चिंता गिळून राहिली. म्हणून थांबलं."

कोणीतरी कारण सांगितलं याचंच मला बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पोटुशी तर नाही ना?"

मी उठून उभी राहिले.

"बस खाली. लग्न झालं नाही, दिसतेच मले. पण घोट्याच्या वर चार बोटं एक जागा आहे, बायकांच्या पाळीसाठी तीच मुख्य. ती पोटुशी बाईले टोचत नाही. म्हणून मी सगळ्यायले विचारते, अन् तोंडी ऐकत नाही." तिनं कपाटातून तपासणीची पट्टी काढून दिली आणि मागचं न्हाणीघर दाखवलं.

मला घाबरायचं काहीच कारण नव्हतं. तरी त्या न्हाणीघरात दुसरी रेघ उमटते का ते मी पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. चार महिने मी इतकं खोटं वागले होते की स्वतःच्या खरेपणावरही माझा भरवसा राहिला नव्हता. रेघ एकच आली.

मग सुया. घोट्याच्या वर, गुडघ्याखाली, बेंबीच्या खाली. केसाइतक्या बारीक होत्या, पण आत गेल्यावर जागा जड व्हायची, दुखऱ्या दातासारखी आतून बोलायची. मी श्वास धरून पडून राहायचे. त्यानंतर ती नागदवण्याच्या जातीच्या वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून पोटाजवळ धरायची, कातडीला न लावता. तिथे पहिल्यांदा मला गरम वाटलं. तिचे वैद्य म्हणे बायकांसाठी एक खास मूळही द्यायचे, पण ते इथे खात्रीचं मिळत नाही म्हणून ती देत नव्हती. आलं, काळे तीळ, गूळ खा, थंड पाणी बंद, पायात मोजे, एवढंच.

"अन् पंधरा दिवसांत सोनोग्राफी कर, थायरॉइडची रक्ततपासणी कर," तिनं बजावलं. मी हो म्हटलं. केलं नाही. दवाखान्यात कोणी पाहिलं तर? आणि मावशीसारखंच काही निघालं तर? सोनोग्राफीच्या पाटीसमोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रस्ता ओलांडला.

सहाव्यांदा गेले तेव्हा तिनं सुयांची पेटी उघडलीच नाही.

"कागद आणला?"

"नाही."

"मग आज सुई नाही. माझ्या बोटाले जे समजते ते समजते. जे नाही समजत, ते नाही समजत. तुले काही झालं तर मी आरशात पाहू कशी? जा, कागद आण."

मी तशीच घरी आले. आई दारातच होती. शेजारच्या खाटेवरच्या कांडीचा धूर माझ्या ओढणीत बसला होता; तिनं ती हातात घेतली आणि नाकाशी नेली.

"हा वास कायचा आहे? दर मंगळवारी, शुक्रवारी येते. गांजासारखा." मग तिची नजर माझ्या पायाकडे गेली. घोट्याच्या वर मागच्या खेपेचे बारीक लाल ठिपके अजून होते. "अन् हे? कोण टोचून राहिलं तुले? कोणाच्या नादाले लागली तू?"

तिचा आवाज चढला नाही. तो इतका बारीक झाला की मला वाटलं ती पडेल. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. सतरंजी, कोरे पॅड, माती घातलेली पुडी.

तिनं ओढणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मावशीसारखं?"

"माहीत नाही, आई."

"तिनंही नाही सांगतलं. रक्त जाऊन राहिलं तरी सांगतलं नाही. मले कळलं तेव्हा डॉक्टर म्हणे, आता कायले आणलं." तिनं पदर तोंडाला लावला. "मी तिले इतकी परकी होती का वं? तुलेही?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आई आधी ब्राह्मणपाऱ्यात गेली, त्या बाईला नीट पाहून घ्यायला. दोघी बोलल्या, मी बाहेर पायरीवर बसले. तिथून आम्ही लेडी डॉक्टरकडे गेलो. सोनोग्राफीच्या टेबलावर थंडगार जेल लावल्यावर मी डोळे मिटून घेतले. पडद्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. आईनं माझा पाय धरून ठेवला होता, फक्त अंगठा, घट्ट.

गर्भाशयात गाठ वगैरे काही नव्हती. रक्ताचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. थायरॉइडचं काम फार मंद झालं होतं. गोळी सुरू झाली, रोज सकाळी उपाशीपोटी. अहवाल घेऊन आम्ही सुईवालीकडे गेलो. तिनं तो चष्मा लावून वाचला आणि सुयांची पेटी उघडली.

गोळीच्या पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, शाखेत असताना पाळी आली. आनंद व्हायला हवा होता. पण ती इतकी आली की खुर्चीवर बसवेना, आणि मला ती झाकणाची बादली दिसायला लागली. अभनपूरच्या दीदींनी स्वतःची शाल माझ्या कमरेला बांधली आणि रिक्षानं ब्राह्मणपाऱ्यात नेलं. सुईवालीनं नाडी पाहिली, किती पॅड, किती वेळात, ते विचारलं. "तासाले एक भिजला, असं दोन तास झालं, तर माझ्याकडे नाही थांबायचं, दवाखान्यात जायचं. समजलं?" मग पायाच्या अंगठ्याच्या नखाच्या आतल्या कोपऱ्याशी कांडीची ऊब दिली. मी घड्याळ पाहत होते. संध्याकाळपर्यंत जोर ओसरला. सहाव्या दिवशी थांबली, आणि पुढच्या महिन्यात चार दिवस उशिरानं पुन्हा आली.

गोळीनं झालं का सुयांनी, मी तिला विचारलं होतं. "मले माहीत नाही," ती म्हणाली. "तुझे पाय गरम झाले, एवढं माहीत आहे." लेडी डॉक्टर सुयांचं नाव काढलं की हसायच्या. नागपूरच्या स्थळाला आईनं स्वतः होऊन थायरॉइडचं सांगितलं. ते कळवतो म्हणाले आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. आई नंतर गुडघ्यांसाठी ब्राह्मणपाऱ्यात जायला लागली आणि कॉलनीतल्या अर्ध्या बायकांना तिनं तिथे नेलं.

माझं लग्न पुढे रायपुरातच झालं. आजही दोन दिवस वर गेले की माझे तळहात गार पडतात. गेल्या वर्षी माझ्या मुलीला उशीर झाला. तिनं स्वयंपाकघरात येऊन सरळ सांगितलं, हिंदीत, मोबाइलवरून नजर न काढता, "मम्मी, इस बार डेट निकल गई." मी गॅस बंद केला आणि तिला शेजारी बसवून घेतलं. घाबरले होते ती मीच.