आश्रुबाचा डावा दंड

दिंद्रुडचा आश्रुबा निजामाच्या रिसाल्यात घोडे राखणारा साईस होता. मोठ्या लढाईत रिसाला मिसर देशी गेला, तसा घोड्यांमागं तोही गेला. जहाजावर चढायच्या आधी सगळ्यांच्या दंडात सुया टोचल्या. देवीच्या, पटकीच्या, मुदतीच्या तापाच्या. लढाईतून गडी धडधाकट परतला, पण थंडी पडली की डावा दंड ठणकायचा. तो सुईनं बिघडला की घोडे ओढून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आश्रुबाला मात्र पक्कं ठाऊक होतं. पोट बिघडलं, सुई. केस गळाले, सुई. एकदा बैल उधळला तेव्हाही त्यानं सुईलाच शिव्या घातल्या आणि पारावरची माणसं पोट धरून हसली.

पुढं गावात देवी टोचणारा सरकारी माणूस आला. पटवाऱ्याच्या धाकानं बायकोनं, सत्यभामेनं, लेकीला पुढं केलं. मंजुळेच्या दंडावर लस टोचून तो शेजारच्या दारात वळला न वळला, तोच आश्रुबानं पोरीला परसात नेलं आणि राख लावून, लिंबाच्या पाण्यानं दंड खसाखसा धुतला. अशी लस पुसायची रीत घरोघर होती.

"माझा दंड गेला तेवढा बास," तो बायकोला म्हणाला. "पोरीचा न्हाई जाऊ द्यायचा."

पुढच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. आधी सत्यभामा पडली, मग मंजुळा. दाराला लिंबाचा डहाळा लागला, घरातली फोडणी बंद झाली. देवी अंगात आलेली, म्हणून आश्रुबा रीतीप्रमाणं स्वतःच्या लेकीच्या पाया पडू लागला. तिच्या अंगाखालचा पाला तोच बदलायचा, तिचं उष्टं तोच खायचा. त्याला एक फोड उठला नाही. ध्यानात आलं ते मंजुळेच्या.

डोळे चिकटलेल्या पोरीनं चाचपत त्याचा हात धरला. "आबा, आईला आली, मला आली. तुमाला कावून न्हाई आली?"

देवीची मर्जी, असं सांगता आलं असतं. सगळा गाव तेच सांगत होता. पण आश्रुबानं तिचा हात आपल्या डाव्या दंडावर ठेवला.

"मला टोचलती, बाई."

"मला बी टोचलती की."

"तुझी म्या धुतली," तो म्हणाला.

मंजुळेला त्यातलं काही कळलं नाही. तिनं पाणी मागितलं.

मायलेकी वाचल्या, पण मंजुळेचे डोळे गेले. पुढं टोचणारा गावात आला की आश्रुबा तिला घेऊन त्याच्या मागोमाग हिंडायचा. कुणी बाप लेकराला परसात न्यायला लागला, की मंजुळेला त्याच्यासमोर उभी करायचा.