नळीवरची रेघ

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन तपासायला, ते भाड्याने देणाऱ्या 'अन्नपूर्णा' एजन्सीतून जो माणूस येतो, त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. आल्या आल्या तो नळीचं टोक स्वतःच्या गालाला लावतो, डोळे मिटतो आणि मगच मशीनवरचा आकडा बघतो. आधी तो दुधाच्या प्लांटमध्ये होता. "सेन्सर वोही आहे, भाभीजी. तिथे दूध मोजायचा, इथे हवा. वाहणं थांबलं की लगेच चिल्लावतो." हे तो दर खेपेला सांगतो, आणि मी दर खेपेला नवीन ऐकल्यासारखी मान हलवते.

मध्यंतरी मशीन रोज दुपारी वाजायला लागलं. मी हातातलं काम टाकून धावायचे, तोवर ते गप्प झालेलं असायचं. सेन्सर बदला, असं मी त्याला जरा चढ्या आवाजातच म्हटलं. त्याने मशीन उघडलंच नाही. नळीवरून बोट फिरवत गेला आणि नानांच्या हाताशी येऊन थांबला. तिथे नळी पुन्हा पुन्हा मुडपल्याची पांढरी रेघ होती. नाना पंख्याकडे बघत राहिले.

त्याने ती रेघ अंगठ्याने चोळून सरळ केली. "सेन्सर एकदम फिट आहे," तो मला म्हणाला. "बस, दुपारी कोणीतरी इथे बसत जा. एकटं राहिलं की मशीन गरम होतं."

आता मी भाजी निवडायला नानांच्या खोलीत बसते. मशीन वाजत नाही. काल मी तिथून लवकर उठून जायला लागले, तर नाना म्हणाले, "बस थोडी. मशीन गरम होईल."