छातीइतकं खाली बांधलेलं तोरण

आता ही गोष्ट सांगायची म्हणजे आपल्या हातानं आपली अब्रू वेशीवर टांगायची! पण तुम्ही चहा पाजताय, म्हणून सांगतो. हसायचं मात्र शेवटी. मधेच हसलात तर उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो.

तर आम्ही, म्हणजे मी आणि आमची सुधा, गेल्या वर्षी कसबा पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून वारज्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. एकतीस वर्षांच्या संसारातलं पहिलं स्वतःचं दार! सुधानं ते कसं निवडलं म्हणून सांगू? लग्नाच्या शालूला इतका वेळ लागला नव्हता. सागवानी, मधाच्या रंगाचं पॉलिश. ताबा मिळाला त्या दिवशी तिनं आधी घर पाहिलंच नाही, दारच बघत उभी राहिली. पदरानं पुसलं आणि म्हणाली, "अहो, या दाराला खिळा लागता कामा नये. एकसुद्धा."

"नाही लागणार."

"वचन द्या."

"अगं, दाराला कसलं वचन?"

"दाराला नाही, मला."

दिलं बाबा.

तिचंही बरोबर होतं म्हणा. कसब्यातल्या आमच्या दारात लाकूड कमी आणि खिळे जास्त. दुधाच्या पिशवीचा खिळा, वडिलांच्या छत्रीचा खिळा, लिंबू-मिरचीचा खिळा, आणि एक कशाचा ते कोणालाच माहीत नव्हतं. तो फक्त सुधाच्या साड्या फाडायला होता.

पण खरं सांगू? मला त्या दाराची फार आठवण येते हो. दिवाळी आली की आई ट्रंकेतून काचेच्या मण्यांचं तोरण काढायची. हिरवे पोपट, मधोमध एक हत्ती. तिनं स्वतः ओवलेलं. त्यातल्या एका पोपटाला डोळा नाही, कारण तो मणी लहानपणी मी गिळला होता! तोरण चढलं की आई गल्लीत जाऊन लांबून बघायची, मान डोलवायची, आणि मगच आमच्या हातावर चकली पडायची. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. नव्या घराची पहिली दिवाळी, आणि ते तोरण दाराला नाही? छे!

वसुबारसेच्या सकाळी सुधा उटणं आणायला कसब्यात गेली. वारज्यात उटणं मिळतं, पण ते उटणं नव्हे असं तिचं म्हणणं. मी संधी साधली. खिळा नको ना? मग हार्डवेअरच्या दुकानातून चिकटवायचे हुक आणले. डब्यावर लिहिलं होतं, 'आधी जागा स्वच्छ पुसून घ्या.'

आता शहाण्या माणसानं ओलं फडकं घेतलं असतं. मी काय घेतलं? रंगाऱ्यानं बाल्कनीत ठेवलेली थिनरची बाटली! म्हटलं, करायचं तर नीट करावं.

फडकं थिनरमध्ये बुचकळलं, स्टुलावर चढलो आणि दाराच्या वरच्या अंगाला लावलं. लावलं मात्र, एक ओघळ निघाला आणि सरळ दाराच्या मध्यापर्यंत आला. घाबरून मी तिथं चोळलं. चोळलं तसं पॉलिश गेलं. पॉलिश गेलं म्हणून आणखी चोळलं. माणसाला थांबायची बुद्धी वेळेवर का होत नाही हो? पाच मिनिटांत माझ्या छातीच्या उंचीवर भाकरीएवढा पांढरट डाग. खिळ्याचं वचन मात्र मी पाळलं होतं, बरं का!

तेवढ्यात सुधाचा फोन. "रिक्षात बसलेय. वीस मिनिटांत पोहोचते."

डाग झाकायचा कसा? दाराच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटची चौकट होती. तिथं, दोन्हीकडे छातीइतक्या उंचीवर हुक चिकटवले आणि तोरण आडवं बांधलं. ग्रॅनाइटवर ते हुक असे बसले की काय सांगू! म्हणजे पहिल्यापासून तिथंच वर लावले असते तर? जाऊ द्या.

दार लावलं की डाग बरोबर पोपटांच्या मागे. दार उघडलं की आत जाणाऱ्याला मात्र वाकावं लागे.

सुधा आली. पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"हे तोरण आहे की वाळत घातलेलं धुणं?"

"आईची पद्धत आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"एकतीस वर्षांत मला कधी दिसली नाही ती?"

"नव्या घराच्या पहिल्या दिवाळीलाच असते. वाकून आत यायचं, वास्तूला नमस्कार करत. आपलं नवं घर झालंच कुठे होतं? मग तुला दिसणार कशी?"

माझं मलाच कौतुक वाटलं हो! पण सुधाचे डोळे भरून आले. "आईंना हे घर बघायला मिळायला हवं होतं," असं म्हणाली, हात जोडले, वाकली आणि आत गेली. तेव्हा कुठे लक्षात आलं, आईच्या नावावर मी धडधडीत खोटं बोललो होतो. पण आता सांगायचं कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या देशमुखवहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या. त्या मूळच्या अमरावतीच्या. सुधानं त्यांना पद्धत ऐकवली, मीठमसाला लावून.

"किती छान हो भाऊ! आमच्याकडे असं नसते बाप्पा!"

बिल्डिंग नवी, म्हणजे सगळ्यांचीच पहिली दिवाळी. संध्याकाळी वहिनींचं तोरण छातीवर आलं. लक्ष्मीपूजनापर्यंत पाचही मजल्यांवरची तोरणं खाली! तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला सहा फुटी पंकज मला लिफ्टमध्ये म्हणाला, "काका, कन्सेप्ट भारी आहे, पण पाठ गेली." आमचे सेक्रेटरी तर मला दारात गाठूनच म्हणाले, "आम्ही घर घेतलंय, गुहा नाही." पण त्यांच्याही घरी तोरण खालीच होतं. बायकोपुढे सेक्रेटरीचं काय चालणार?

आणि उजाडली भाऊबीज. माझी मोठी बहीण, विमलताई, येणार! वय चौऱ्याहत्तर, कमरेला पट्टा, आणि आईची प्रत्येक पद्धत तोंडपाठ.

लिफ्टमधून बाहेर आली तीच विचारत, "दिन्या, या बिल्डिंगमध्ये सगळे बुटकेच राहतात का रे?"

दारात सुधा ओवाळणीचं ताट घेऊन, शेजारी देशमुखवहिनी आणि आणखी तिघीजणी. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमच्या आईंची पद्धत आम्ही सगळ्यांनी घेतली!"

"आमच्या आईची?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तिचा बर्फीचा तुकडा चोरला की असंच बघायची. मग वाकून तोरणाखालून अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. डाग दिसला. मी डोळे मिटले.

"हो हो, आईचीच," ताई शांतपणे म्हणाली. "पण यानं अर्धीच सांगितलेली दिसते. पाहुणा आला की घरातल्या कर्त्या पुरुषानं तोरण दोन्ही हातांनी वर धरून उभं राहायचं. धर रे."

धरलं! ताई ताठ मानेनं आत गेली. पाठोपाठ चौघी गेल्या. मग त्यांना आठवण झाली की मुलांना बोलवायचं राहिलं, म्हणून बाहेर आल्या, परत आत गेल्या. मी आपला हात वर करून उभा. तासाभरात सगळ्या बिल्डिंगमधले नवरे हात वर करून उभे, आणि नंतर लिफ्टमध्ये भेटला तो प्रत्येक जण माझ्याकडे असा बघत होता!

बायका गेल्यावर ताईनं मला स्वयंपाकघरात घेतलं. "दिन्या, आई ते तोरण स्टुलावर डबा, डब्यावर पाट ठेवून वर बांधायची. का, आठवतं? आपल्याकडे येणाऱ्याची मान खाली जाता कामा नये म्हणून. आणि तू तिच्या नावावर हे खपवतोस?"

मला रडूच आलं हो. साठी उलटलेला माणूस, बेसनाच्या लाडवांच्या डब्यापुढे उभा राहून मुसमुसत होतो. तसाच बाहेर गेलो आणि सुधाला सगळं सांगून टाकलं.

ती दाराशी गेली, तोरण सोडलं, डागावरून हात फिरवला. मला वाटलं, आता रडणार.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "वसुबारसेपासून मी रोज थिनरच्या डागाला हात जोडतेय?"

आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, अशी हसली, की ताईचा कमरेचा पट्टा सुटेपर्यंत दोघी हसत होत्या.

आता तोरण वर आहे, ग्रॅनाइटला, आईला आवडेल इतकं उंच. डाग तसाच आहे. सुधा पॉलिशवाल्याला बोलवूच देत नाही, आणि तिनं ही गोष्ट पाचही मजल्यांवर सांगितली आहे. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी डागाला नमस्कार करतो, मग माझ्याकडे बघतो आणि ताठ मानेनं आत येतो. आमच्या दारातून मान खाली घालून आत शिरतो तो एकटा मी.